पळतं पुस्तक

टायपिंगच्या परीक्षा आता मुक्या झाल्या आहेत. नगरला आमच्या घराशेजारी एक कॉलेज आहे, तिथे उन्हाळ्यात या परीक्षेचं केंद्र असतं. मुलं-मुली हॉलतिकीट धरून फाटकाशी उभी राहतात, हात हलवत आत जातात, संगणकापुढे बसतात आणि तशीच हात हलवत बाहेर येतात. मधल्या वेळात मी गॅलरीत कान देऊन बसलेला असतो. काहीही ऐकू येत नाही. फार तर कुणी शिंकलेलं ऐकू येतं.

मला ही परीक्षा आवाजासकट आठवते. एका हॉलमध्ये चाळीस मशीनं एकदम सुरू झाली की पत्र्यावर शेंगांचं पोतं ओतल्यासारखा आवाज व्हायचा. सात मिनिटांनी शिट्टी वाजली की अशी शांतता पडायची की बाहेर व्हरांड्यात थांबलेल्या नातेवाइकांनाही आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायचं. सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्या व्हरांड्यात मी उभा होतो. आत माझ्या वहिनी होत्या. माझ्या पिशवीत एक रहस्यकथेचं पुस्तक होतं. त्याचं शेवटचं प्रकरण वहिनींनी अजून वाचलेलं नव्हतं, आणि ते मीच त्यांना वाचू दिलेलं नव्हतं.

त्या वर्षी मी एम.ए. होऊन रिकामा होतो. प्राध्यापकाची जागा निघायची वाट बघत काष्टीला दादाच्या घरी राहत होतो. रिकामा माणूस सहसा नम्र असतो; मी नव्हतो. मराठीत पहिला वर्ग मिळाला होता आणि त्याची जाणीव मला जेवतानासुद्धा असायची. दादाकडे ऊस आणि चार जर्सी गाई होत्या. तो मला ‘परफेसर’ म्हणायचा. “परफेसर, तेवढी वैरन टाका, म्हंजी इचार करायला मोकळे.” मी वैरण टाकायचो आणि खरोखरच विचार करायला मोकळा व्हायचो. एवढ्या सुखाचे दिवस पुढे पगार सुरू झाल्यावरही आले नाहीत.

वहिनी सोनईच्या. बारावी झालेल्या, वय बत्तीस. पहाटे पाचला त्यांचे पाय जमिनीला लागत ते रात्री भांडी घासून होईपर्यंत लागलेलेच. दिवसातून त्या बसायच्या दोनदाच, एकदा धार काढायला आणि एकदा भाकरी थापायला. आणि या दोन्हीला आमच्याकडे कुणी बसणं म्हणत नाही. दुपारी दीड ते अडीच मात्र त्यांचा वाचनाचा तास. त्यात कुणी यायचं नाही, पाहुण्यांनीही नाही आणि गाईनेही नाही. मी आठवड्याला नगरच्या वाचनालयातून पुस्तक बदलून आणायचो, आणि माझ्या अभिरुचीने त्यांचं भलं करायचं असं ठरवून टाकलं होतं.

पहिलं पुस्तक त्यांनी तिसऱ्या दिवशी परत दिलं.

“हे बसकं हाय, भाऊजी.”

काष्टीचा बाजार बैलांचा. घेणारा बैलाला आधी चालवून बघतो. जुवाखाली बसकण मारणारा बैल कितीही देखणा असला तरी त्याला ‘बसका’ म्हणून सोडून देतो. वहिनींनी ही परीक्षा मराठी साहित्याला लावली होती. त्या पहिलं पान बघायच्या नाहीत. पहिल्या पानावर सगळेच बैल चालतात, असं त्यांचं म्हणणं. त्या सतरावं पान उघडायच्या.

“सतरा पानं झाली तरी त्यो मानूस खिडकीतून बाहीरच बघतोय. त्याला म्हनावं ऊठ की बाबा.”

“वहिनी, तो अंतर्मुख आहे.”

“आसंल. पर मग त्याच्या गाईला वैरन कोन टाकतंय?”

या प्रश्नाला मी दोन वर्षांच्या अभ्यासात कुठे उत्तर वाचलं नव्हतं. पुढची तीन पुस्तकंही बसकीच निघाली. चौथ्या वेळी त्या सरळ म्हणाल्या, “तुमची आवड ऱ्हाऊ द्या. मला कायतरी पळतं आना.”

मी सूड म्हणून आणलं. खिशात मावेल एवढं जाडजूड पुस्तक, संगणक हॅक करणाऱ्या एका तरुणाची रहस्यकथा. नाव आता आठवत नाही, मुखपृष्ठ आठवतं. संगणकाच्या पडद्यातून पिस्तूल धरलेला हात बाहेर आला होता आणि शेजारी एक बाई विनाकारण किंचाळत होती. ती बाई पुढे पुस्तकात कुठेही आली नाही. एसटीत कुणी ओळखीचं भेटायला नको म्हणून मी त्यावर एका समीक्षाग्रंथाचं कव्हर चढवलं. कव्हर दोन्हीकडून तीन बोटं लोंबत होतं. तरी कुणाला संशय आला नाही, कारण समीक्षाग्रंथ जवळून पाहिलेलं त्या एसटीत कुणी नव्हतं.

नायकाचं नाव अर्जुन. तो एका अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसून जगातल्या बँकांच्या तिजोऱ्या उघडायचा आणि आपल्याला यात कुणीतरी अडकवलंय हे कळल्यावर त्या माणसाचा शोध घ्यायचा. त्याची बोटं दर पानावर विजेच्या वेगाने फिरायची. परवलीचा शब्द चुकला की पडद्यावर लाल अक्षरं उमटायची आणि फक्त नऊ सेकंद उरायचे. नऊच का, हे कुणी विचारायचं नाही. संगणक गुरगुरायचा, तापायचा, थरथरायचा, आणि अर्जुनने बरोबर कळ दाबली की हळूहळू शांत व्हायचा. लेखकाने संगणक पाहिला नसावा. पिठाची गिरणी मात्र जवळून पाहिली असावी. खलनायकाने तर व्हायरस चक्क काडेपेटीत घालून आणला होता.

“ह्यो व्हायरस म्हंजी गोचिडासारखा का?” वहिनींनी विचारलं.

“साधारण.”

“मग बरोबर हाय,” त्या म्हणाल्या, आणि पान उलटलं. त्या दिवशी डेअरीला दुधाची किटली गेली ती झाकणाशिवाय.

गावातल्या शाळेत लिपिकाची जागा निघाली होती. संस्थेला बाई चालणार होती, बारावी चालणार होती. फक्त मराठी टायपिंगचं तीस शब्दांचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. वहिनींचं वय त्या जागेच्या मर्यादेला टेकलेलं. या उन्हाळ्यातली परीक्षा हुकली तर पुढच्या वर्षी जागा असली तरी त्या तिच्यात बसणार नव्हत्या. मुख्याध्यापक भला माणूस. निकालापर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाला होता.

वहिनी डिसेंबरपासून कुलथे सरांच्या क्लासला जात होत्या. खताच्या दुकानावर पत्र्याची खोली, सोळा मशीनं, भिंतीवर ‘मान वर, पाठ ताठ’. सर स्वतः गेली कित्येक वर्षं पाठीत वाकलेले होते. विद्यार्थ्यांनी कळांकडे बघू नये म्हणून ते हातांवर पुठ्ठ्याचं झाकण धरायचे आणि एकच मंत्र सांगायचे, “वाचायचं नाही. बघायचं आणि बडवायचं. वाचणारा टायपिस्ट मेलाच म्हणून समजा.” बडवायला जे उतारे असायचे ते वाचायचा मोह कुणाला होईल असे नव्हतेच. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की’ इथून सुरू होऊन शेवटपर्यंत ते काहीच कळवत नसत.

वहिनींचा वेग एकवीसवर येऊन बसला होता. अगदी बसका. एप्रिल उजाडला, उसाच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या, आणि रोज क्लासला जाणं जमेना. तेव्हा सरांनी आपलं सगळ्यात जुनं मशीन घरी न्यायला दिलं. त्याचा ‘ळ’ अडकायचा. वहिनींच्या कागदावर ‘वेळ’ यायची तेव्हा नुसती ‘वे’ यायची. आवाज कमी व्हावा म्हणून आम्ही ते पडवीत गोधडीच्या चार घड्यांवर ठेवलं. तरी पहिल्या दिवशी चारही गाईंनी दावी ताणली.

“गोळीबार चाललाय का काय!” दादा गोठ्यातून ओरडला. “आगं, दूध आटंल!”

दूध आटलं नाही. वेगही वाढला नाही. दुपारचा वाचनाचा तास आता मशीनकडे गेला होता आणि अर्जुन अर्ध्यात, बँकेच्या तळघरात अडकून पडला होता. वहिनी उतारा बडवायच्या आणि मधूनच कोनाड्यातल्या पुस्तकाकडे बघायच्या. हातांवर पुठ्ठा ठेवता येतो, डोळ्यांवर काय ठेवणार?

मला ती कल्पना सुचली त्यात माझ्या हुशारीचा भाग कमी आणि दुष्टपणाचा जास्त होता. मी पुस्तक काढून घेतलं. कपडे वाळत घालायचा चिमटा आणला. दोन पानं उघडी ठेवून बाकीची सगळी चिमट्यात पकडली आणि पुस्तक मशीनशेजारी उभं केलं.

“पुढचं वाचायचं असेल तर टाईप करा. हात जातील तेवढंच वाचायचं.”

“आन् सर काय म्हंतील?”

“सरांना कोण सांगतंय?”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं, पदर खोचला आणि सुरुवात केली. अर्जुन तळघरातून निघाला. मी मनगटावरच्या घड्याळात बघत होतो. पहिल्या दिवशी तेवीस. दुसऱ्या पानाच्या तळाशी लेखकाने, अशा लेखकांना येणारी एकमेव आणि अत्यंत अवघड गोष्ट केली होती: ‘अर्जुनने वळून पाहिले. दारात उभी असलेली व्यक्ती’ इथे पान संपलं.

“कोन हाय दारात?”

“उद्या.”

“आवो, पर कोन हाय तेवढं तरी!”

“टाईप करा, कळेल.”

“लई दुष्ट हाय तुमी. कॉलेजातली पोरं हानतील बघा तुमाला.”

दुसऱ्या दिवशी सव्वालाच त्या मशीनवर होत्या.

रोजचा वाटा चिमट्याने बांधायचा म्हणजे मला आधी वाचणं आलं. कर्तव्य म्हणून मी वाचायला बसलो आणि संध्याकाळी दादा जेवायला हाका मारतोय हे तिसऱ्या हाकेला कळलं. मी नाक मुरडत होतो, पण पानही उलटत होतो. दोन्ही एका वेळी करता येतं हा शोध मला नवा होता. भाषा भुसभुशीत, योगायोग बैलगाडीभर, आणि तरीही मन पुढच्या ओळीवर जाऊन बसलेलं. माझ्या आवडत्या कादंबऱ्यांतली माणसं आपण का जगतो असं विचारायची. या पुस्तकात तो प्रश्न कुणालाच पडत नव्हता. नऊ सेकंदांत मरायचं नाही एवढंच त्यांना ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर आमच्या पडवीतही त्या उन्हाळ्यात प्रश्न तेवढाच होता. सात मिनिटांत तीस शब्दांचा वेग.

वहिनींचं टायपिंग बदललं ते मला आधी कानाला कळलं. पूर्वी ठक, ठक, थांबा, ठक असं चालायचं. आता ओळीच्या ओळी सलग येऊ लागल्या, आणि ओळ संपल्याची घंटी वाजली की मशीनची गाडी झटक्यात मागे. डोळे शब्दाच्या पुढे तीन शब्द पळत होते आणि बोटं त्यांना गाठत होती. पंचवीस. सत्तावीस. एकोणतीस. सरांचा मंत्र बरोबर उलटा झाला होता. वाचणारा टायपिस्ट जिवंत झाला होता. गाईसुद्धा सरावल्या. मशीन थांबलं की उलट माना वर करून बघायच्या, जणू त्यांनाही पुढे काय झालं ते हवं होतं.

असंच एकदा वेळ लावून झाल्यावर मी विचारलं, “वहिनी, तुम्हाला यात एवढं आवडतं काय? पळापळ?”

“पळतंय कोन?” त्या म्हणाल्या. “पोलीस पळत्यात. गुंड पळत्यात. अर्जुन बसलेला हाय.”

मी पुस्तकाचं पान डोळ्यांसमोर आणलं. खरंच होतं. पहिल्या प्रकरणापासून तो खुर्चीवरून उठला होता तो तीन-चारदा, तेही नाइलाजाने. जग त्याच्याभोवती धावत होतं, गाड्या उलटत होत्या, विमानं चुकत होती, आणि तो बसून होता. मी इतक्या पुस्तकांतल्या इतक्या बसलेल्या माणसांवर टिपणं काढली होती, पण हे बसणं माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या बसकण मारलेल्यांना कुठे जायचं नव्हतं. हा बसून सगळीकडे जात होता.

“मलाबी तसंच बसायचंय, भाऊजी,” त्या कागद काढता काढता म्हणाल्या. “खुर्चीवर. समोर टेबल. आन् बोटं चालवली की काम व्हतंय. शेन न्हाई, पानी न्हाई, किटली न्हाई. लोक यीऊन इचारनार, बाई, झालं का? आन् मी म्हननार, थांबा, बसा जरा.”

एवढं बोलून त्या उठल्या आणि किटली विसळायला गेल्या. संगणक-रहस्यकथांच्या आकर्षणावर पुढे मी एकदोन चर्चासत्रांतून विद्वानांचे निबंध ऐकले. तंत्रज्ञानाची भीती, महानगरी एकटेपणा, सत्तेचं स्वप्न वगैरे. सगळं बरोबर असेल. पण खुर्ची कुणाच्या यादीत नव्हती. असे निबंध वाचणारे मुळात खुर्चीवर बसलेलेच असतात.

मे महिन्यात काष्टीत संगणक आला. सरांच्या क्लाससमोरच नवा कॉम्प्युटर क्लास निघाला आणि उद्घाटनाला पुढारी आले. वहिनी हट्टाने मला घेऊन गेल्या. अर्जुनचं मशीन त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. बाहेर चपलांचा ढीग. आत तीन संगणक, त्यातल्या मधल्याला झेंडूचा हार, कपाळावर म्हणता येईल अशा जागी कुंकू. पुढाऱ्यांनी एकविसाव्या शतकाचं स्वागत केलं, ते यायला अजून अवकाश होता तरी. नारळ बाहेर फोडावा की आत यावर थोडी चर्चा झाली. मग त्यांनी करंगळी वर ठेवून एक कळ दाबली आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. भारनियमनाची वेळच ती होती. पुढारी दोन तास उशिरा आल्याने मुहूर्त तिच्यावर गेला होता. पंखे थांबले. काळ्या पडद्यात सगळ्यांना हारासकट आपलीच तोंडं दिसू लागली.

“संगणक आता विचार करत आहे,” सूत्रसंचालकाने जाहीर केलं. टाळ्या झाल्या.

त्या टाळ्या थांबल्यावर समोरच्या माडीवरून सोळा मशीनांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. कुलथे सरांनी खिडकी मुद्दाम उघडी ठेवली होती.

परत येताना मला वाटलं, वहिनी निराश झाल्या. मग म्हणाल्या, “गुरगुरला न्हाई.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “पर कळा त्याच हायेत की. आमच्या बोटास्नी काय भ्याव?”

परीक्षेआधीचे पंधरा दिवस दादाने धारा काढल्या. वहिनींच्या बोटांना आराम पाहिजे, हे त्याचं त्यानेच ठरवलं. गाईंना त्याचा हात नवा. त्या पान्हा चोरायच्या. डेअरीत दूध कमी पडलं की तो लोकांना सांगायचा, “घरात परीक्षा हाय.” वहिनी तेहतीसवर गेल्या होत्या. अर्जुन शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी आला होता. त्याला अडकवणारा कोण, हे एका पानात कळणार होतं. ते प्रकरण चिमट्यात धरून पुस्तक मी पिशवीत ठेवलं. परीक्षा झाल्यावर बक्षीस म्हणून. 

पेन नेतात तसं परीक्षेला आपलं मशीन न्यावं लागायचं. सरांनी टेम्पो ठरवला. पोत्यांत गुंडाळलेली मशीनं, त्यावर परीक्षार्थी, त्यांच्यात सर आणि मी. ‘ळ’वालं मशीन सरांनी बदलून चांगलं दिलं होतं. वहिनी ते मांडीवर धरून बसल्या होत्या, नगर येईपर्यंत.

सात मिनिटांचा आवाज मी व्हरांड्यातून ऐकला. चाळीसांतलं एक मशीन मला ओळखू येतंय असं वाटत होतं. ते अजिबात अडखळत नव्हतं. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. बाहेर आल्यावर वहिनींचं तोंड बघितलं आणि ती खुशी तिथेच संपली. टेम्पो नगरबाहेर पडला तेव्हा त्या म्हणाल्या,

“सर, उताऱ्यात सारखा अर्जदार हुता.”

“असणारच. सरकारी उतारा.”

“माझा सगळीकडं अर्जुन झाला.”

उतारा कुठल्याशा योजनेच्या अर्जाविषयी होता. अ, ज, वर रफार इथपर्यंत बोटं बरोबर जायची. त्यापुढे महिन्याभराच्या सवयीने तीच वाट धरायची. अर्जुनाने आपल्या अर्जासोबत रहिवासाचा दाखला जोडावा. अर्जुनाची सही नसल्यास अर्ज ग्राह्य धरला जाणार नाही. अर्जुन मुदतीत हजर न राहिल्यास त्याचा हक्क संपुष्टात येईल. सहाव्या मिनिटाला त्यांच्या ध्यानात आलं. खाडाखोड करायची नसते, मागे जाता येत नाही. उरलेल्या मिनिटात त्यांनी दोन अर्जदार बरोबर मारले.

“कोण अर्जुन?” सरांनी विचारलं.

टेम्पोतल्या सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी माझ्याकडे. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि चिमट्यासकट सगळं सांगितलं. समीक्षाग्रंथाचं कव्हर बाजूला करून सरांनी मुखपृष्ठावरच्या किंचाळणाऱ्या बाईकडे बराच वेळ बघितलं.

“तरी मी सांगत होतो, वाचायचं नाही.”

“सर, चुका किती धरतील?” मी विचारलं.

“एकच चूक पुन्हा पुन्हा झाली तर कुणी एकदा धरतो, कुणी दर वेळी धरतो. एकदा धरली तर पास. दर वेळी धरली तर...” त्यांनी वाक्य तिथेच सोडलं, त्या पुस्तकाच्या लेखकासारखं. फरक एवढाच की पुढचं पान निकालापर्यंत येणार नव्हतं.

मी एसटीने जातो म्हणालो, पण टेम्पोतून उतरायलाही कुणी जागा देईना. आपल्या हुशारीचा मला असा राग पूर्वी कधी आला नव्हता. बोटांना वेग द्यायच्या नादात मी त्यांना एक माणूस चिकटवून दिला होता. काष्टी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की सरांचं बोट सतराव्या पानावर आहे.

“हे मी दोन दिवस ठेवतो,” ते पुस्तकाकडे न बघता म्हणाले. “बघायला.”

मग वाट बघणं. जून गेला, जुलै गेला. वाचनालयातून मी दोनदा मुदत वाढवून आणली. वहिनी दुपारी दीडला गव्हातले खडे वेचायला बसायच्या. पुस्तकाचं नाव काढायच्या नाहीत. एकदा दादा म्हणाला, “त्या अर्जुनानं वाटोळं केलं व्हय गं?”

“त्यानं न्हाई केलं. त्यो बिचारा बोलवंल तिथं आला.”

मुख्याध्यापकांचा निरोप आला की संस्थेची माणसं विचारायला लागलीत; श्रावण संपेपर्यंत थांबू, पुढे नाही. वहिनींनी निरोप ऐकला आणि गहू पुन्हा सुपात घेतला. तो त्यांनी सकाळीच निवडला होता.

श्रावणातल्या एका शुक्रवारी कुलथे सर स्वतः घरी आले. पाठीत वाकलेला माणूस छत्री धरून चालत आला की छत्रीच चालत आल्यासारखी दिसते. पडवीत छत्री मिटून ते म्हणाले, “मंदाताई, अर्जुन पास झाला.”

वहिनींनी हात पदराला पुसले. पुन्हा पुसले. “आन् मी?” म्हणाल्या.

“तुमीच वो!” म्हणताना सरांची शुद्ध भाषा पहिल्यांदाच सुटली.

दादा गोठ्यातून आला, निकालाचा कागद उलटसुलट बघितला आणि परत गेला. मग गोठ्यातून त्याचा आवाज आला. तो गाईंना सांगत होता. सरांनी दोन दिवसांसाठी नेलेलं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. चिमटा शेवटच्या प्रकरणावर तसाच होता. “तिथवरच वाचलंय,” ते म्हणाले. “विद्यार्थ्याच्या आधी बरं नाही.”

“आता काढा त्यो चिमटा,” वहिनी म्हणाल्या. मी मशीनकडे बघितलं तशा म्हणाल्या, “टाईप न्हाई करनार. वाचनार. बसून.” घरात एकच खुर्ची होती, दादाची, पत्र्याची. ती त्यांनी पडवीत ओढली, भर दुपारी सगळ्यांदेखत तिच्यावर बसल्या आणि शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं, सरांसाठी. अर्जुनला अडकवणारा त्याचा गुरूच निघाला. सरांना ते पटलं नाही.

पंचवीस वर्षांहून जास्त वहिनी शाळेत लिपिक होत्या. मशीन गेलं, संगणक आला. त्यांच्या बोटांना भ्याव वाटलं नाही. मला कुतूहल उरलं ते त्या परीक्षकाचं. शेकडो कागद, एकच उतारा, एकच अर्जदार. आणि मधेच एका कागदावर अर्जुन दाखला जोडतोय, अर्जुन सही करतोय, अर्जुनाचा हक्क संपायला आलाय. त्या माणसाने लाल पेन उचललं असेल, आणि मग पुढे काय होतं ते बघायला चार ओळी खाली गेला असेल. चूक त्याने एकदाच धरली. वाचायचं नसतं, बघायचं असतं, हे त्यालाही कुणीतरी शिकवलं असणारच.

परवा काष्टीला गेलो होतो. वहिनी निवृत्त होऊन आता घरी आहेत. पडवीत खुर्चीवर बसलेल्या असताना फोन वाजला. त्यांनी मला ऐकू यावा म्हणून स्पीकर लावला. पलीकडे एक गोड आवाज. मॅडम, तुमच्या पेन्शनचा अर्ज अपूर्ण आहे, आजच बंद होईल, फक्त दहा मिनिटं आहेत, मोबाईलवर नंबर येईल तो सांगा. मला त्या लाल अक्षरांची आणि नऊ सेकंदांची आठवण झाली. खरा हॅकर हा असा. बोटं विजेच्या वेगाने फिरवत नाही. आपल्याला आपली फिरवायला सांगतो.

“आधी अर्जदाराचं पूर्ण नाव सांगा, मॅडम.”

वहिनींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“अर्जुन,” त्या म्हणाल्या.

“अर्जुन... पुढे?”

“पुढं? मलाच काय इचारतो? टाईप कर, कळंल.”

पलीकडून फोन बंद झाला. वहिनी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या, आता काहीतरी होईल अशा आशेने. मग त्यांनी तो टेबलावर ठेवला.

“बसका निघाला, भाऊजी.”